कवी की माकड?

मुलांनो, आरंभीच एक कोडं घालते. ‘कइ’ म्हणजे काय, सांगा पाहू?

एक अर्थ आहे कवी. दुसरा अर्थ आहे कपी, म्हणजे माकड. आणि तिसरा अर्थ आहे ‘किती’! शब्द मात्र एकच, ‘कइ’. आता एखाद्या ओळीत ‘कइ’ आला, तर वाचणाऱ्याने बिचाऱ्याने काय समजायचं? झाडावर कवी चढला की माकड कविता करू लागलं?

तुम्हाला वाटेल, ही कुठल्या तरी लांबच्या देशातली भाषा असणार. मुळीच नाही. ही आपल्याच महाराष्ट्रातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा. तिचं नाव महाराष्ट्री प्राकृत. तिच्यात एक फार सुंदर पुस्तक आहे. संस्कृतात त्याला ‘गाथासप्तशती’ म्हणतात आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत ‘गाहासत्तसई’. सातशे छोट्या छोट्या कविता, एकेक कविता दोन ओळींची, आणि त्यांतल्या बहुतेक प्रेमाच्या.

थांबा, थांबा! ‘प्रेमाच्या कविता’ हे वाचून आई-बाबांनी अंक काढून घेऊ नये. या पुस्तकातल्या काही गाथा मोठ्यांच्याच आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. त्या तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल. पण प्रेम म्हणजे काय फक्त सिनेमातलं गाणं? गावाला गेलेल्या माणसाची वाट बघणं हे प्रेमच. गळक्या घरात बाळाला कोरडं ठेवणं हेही प्रेमच. अशा गाथा या पुस्तकात पुष्कळ आहेत आणि पाचवी-सहावीतल्या मुलांनाही त्या कळतात. शब्द तेवढे यायला हवेत.

शब्द कसे यायचे? तेच आज सांगायचं आहे.

युरोपात लॅटिन नावाची जुनी भाषा आहे. रोमन लोकांची. आज ती कुणाच्या घरी बोलली जात नाही, तरी तिकडच्या कितीतरी शाळांमधून मुलं लॅटिनच्या शब्दांच्या याद्या पाठ करतात. कशासाठी? तर कातुल्लुस, ओविद अशा कवींच्या कविता मुळातून वाचता याव्यात म्हणून. हा कातुल्लुस म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. आपल्या प्रियेची पाळलेली चिमणी मेली, म्हणून त्याने कविता लिहिली आणि ती चिमणी दोन हजार वर्षं अमर झाली. इटलीतल्या मुलांना या याद्या जरा सोप्या जातात, कारण त्यांची इटालियन भाषा लॅटिनचीच लेक. लॅटिनमध्ये आठाला ‘ओक्तो’ म्हणायचे, इटालियनमध्ये झालं ‘ओत्तो’. लॅटिनमध्ये साताला ‘सेप्तेम’, इटालियनमध्ये ‘सेत्ते’.

आता आपल्याकडे बघा. संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. संस्कृत अष्ट, प्राकृत अट्ठ, मराठी आठ. तिकडे जे झालं तेच इकडे! जोडाक्षर म्हणायला जीभ कंटाळली की दोन वेगळी अक्षरं एकसारखी होतात. मराठीने तर आणखी एक पाऊल पुढे टाकलं. दोनातलं एक अक्षर सोडून दिलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. हत्थ होतं त्याचा हात झाला. कण्ण होता त्याचा कान, दुद्ध होतं त्याचं दूध, ओट्ठ होता त्याचा ओठ, सप्पाचा साप आणि कम्माचं काम.

म्हणजे पाहा, यादीतले सात-आठ शब्द तुम्हाला आत्ताच, न पाठ करता, आले.

हे पुस्तक जमवलं हाल नावाच्या राजाने. तो सातवाहन घराण्यातला. एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या असं पुस्तकातच म्हटलेलं आहे. कोटी हा आकडा जरा राजेशाहीच म्हणायचा! परंपरा हालाला पहिल्या शतकात बसवते. पण त्याच्यानंतरही काही शतकं या संग्रहात भर पडत गेली असावी, असं अभ्यासक म्हणतात. निरनिराळ्या हस्तलिखितांत निरनिराळ्या गाथा सापडतात. सगळ्या एकत्र केल्या तर त्या सातशेहून बऱ्याच जास्त भरतात. जुन्या टीकाकारांनी कवींची नावंही दिली आहेत, आणि त्यांत रेवा, माधवी, अनुलच्छी, ससिप्पहा अशी बायकांची नावं आहेत. मुलींनो, हे लक्षात ठेवा हं.

सातवाहन म्हटलं की आपल्याला गोदावरीकाठचं पैठण आठवतं. गाथांमध्ये गोदावरीला ‘गोला’ म्हणतात. पण आपण शहापूर-मुरबाडची माणसं सातवाहनांना इतकी लांबची नाही. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत निघालात आणि टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याला पोहोचलात, की समोर नानाचा अंगठा दिसतो. तिथून नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथा जुन्नर तालुक्यात, पायथा आपल्या मुरबाड तालुक्यात. वर कातळात कोरलेली गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. यज्ञात दक्षिणा म्हणून काय काय दिलं त्याचा हिशेब, गाई, घोडे, हत्ती, गावं, नाणी, सगळं आकड्यांसकट! मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. त्या नावांत ‘महारठि’ हा शब्द आहे.

हा लेखही प्राकृतातच आहे, पण गाथांच्या भाषेपेक्षा जुन्या वळणाचा. तिथे हत्ती ‘हथि’ असा कोरलेला आहे. गाथांच्या भाषेत तो ‘हत्थी’ होतो. आपण सहलीला गेलो की गुहेत डबे उघडतो, रांजण बघतो, फोटो काढतो आणि उतरतो. पुढच्या खेपेला भिंतीसमोर दोन मिनिटं उभं राहा. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक पुस्तकात कल्याणचं आणि पैठणचं नाव आहे. तिकडे रोममध्ये लॅटिन कविता लिहिल्या जात होत्या आणि तिकडचे व्यापारी आपल्या किनाऱ्यावर येत होते. रोमन मुलांना पाठ्यपुस्तक मिळालं. आपल्याला घाट मिळाला, पुस्तकही मिळालं, फक्त शब्दांची यादी कुणी हातात दिली नाही.

तर आता यादीकडे वळू.

पहिली युक्ती जोडाक्षराची, ती झाली. दुसरी युक्ती म्हणजे ह. संस्कृतातली ख, घ, थ, ध, भ ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आली, तर प्राकृतात त्यांचा बहुधा नुसता ह उरतो. वधू झाली वहू. मेघ झाला मेह. सखी झाली सही. दधि झालं दहि. पथिक, म्हणजे वाटसरू, झाला पहिअ. हा ‘पहिअ’ नीट लक्षात ठेवा, गाथांमध्ये तो पावलोपावली भेटतो.

तिसरी युक्ती सगळ्यांत गमतीची आणि सगळ्यांत त्रासाची. मधली क, ग, च, ज, त, द ही अक्षरं चक्क गळून पडतात! पावसाळ्यात खाचराचा बांध वाहून जावा तशी. नदीतला द गेला, राहिली ‘णई’. माता झाली ‘माआ’. पाद झाला ‘पाअ’ आणि पुढे आपला पाय. देवराचं ‘दिअर’ झालं आणि पुढे आपला दीर. हृदयाचं तर ‘हिअअ’ झालं, शब्दात हाड म्हणून राहिलं नाही. मराठीत ‘हिय्या’ आहे ना, ‘हिय्या करून उडी मारली’ मधला? तो याच हिअअच्या घरातला.

अक्षरं गळल्यामुळे भाषा लोण्यासारखी मऊ झाली. तिच्या गोडव्याचं जुन्या पंडितांनी खूप कौतुक केलं. सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमाराच्या दंडीने महाराष्ट्राची प्राकृत ही सगळ्या प्राकृतांत श्रेष्ठ ठरवली. पण गळलेल्या अक्षरांचा भुर्दंड वाचणाऱ्याला भरावा लागतो. कति, कवि, कपि, तिघांचीही मधली अक्षरं झिजली आणि तिघांचा मिळून ‘कइ’ झाला. ‘सुअ’ म्हणजे शुक, म्हणजे पोपट. ‘सुअ’ म्हणजे सुत, म्हणजे मुलगा. ‘सुअ’ म्हणजे श्रुत, म्हणजे ऐकलेलं. कुठला अर्थ घ्यायचा हे शेजारचे शब्द बघून ठरवायचं. म्हणूनच मी वर्गात सांगते, एकटा शब्द पाठ करू नका. त्याचे सोबती कोण आहेत तेही बघा.

चौथी युक्ती हिंदी येणाऱ्यांसाठी, म्हणजे तुम्हा सगळ्यांसाठीच. क्ष या अक्षराला प्राकृतात दोन वाटा फुटल्या. एक ख कडे गेली, एक छ कडे. हिंदीने पुष्कळदा ख ची वाट धरली. मराठीने छ ची धरली आणि पुढे त्या छ चा श किंवा स केला. क्षेत्र, छेत्त, शेत, आणि हिंदीत खेत. मक्षिका, मच्छिआ, माशी, आणि हिंदीत मक्खी. इक्षु, उच्छु, ऊस, आणि हिंदीत ईख. कुक्षि, कुच्छि, कूस, आणि हिंदीत कोख. पाहिलंत? ऊस आणि ईख हे सख्खे भाऊ आहेत, असं कुणाला वाटलं असतं का!

या चार युक्त्यांवर मराठी मुलाला पुष्कळ शब्द ओळखता येतात. पण सगळे नाहीत. काही शब्द संस्कृतातून आलेलेच दिसत नाहीत. पोट्ट, म्हणजे पोट. तुप्प, म्हणजे तूप. चिक्खल्ल, म्हणजे चिखल. अशांना जुन्या व्याकरणकारांनी ‘देशी’ म्हटलं. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं आणि या देशी शब्दांचा ‘देशीनाममाला’ नावाचा वेगळा कोश केला. आमच्या वर्गात शब्दांचे पत्ते केले आहेत. एक पत्ता संस्कृत, एक प्राकृत, एक मराठी, अशा तीन पिढ्या जुळवायच्या. देशी शब्द आला की मुलं ओरडतात, “बाई, याचे आजोबा हरवले!” हरवले कशाला? ते शेजारच्या गावी असतील. कन्नडमध्ये तुपाला आजही ‘तुप्प’च म्हणतात.

आता सांगते, प्रेमाच्या कविता वाचायला मला हेच शब्द का लागतात. संस्कृतातल्या प्रेमकाव्यांत महाल असतात, कमळं असतात, राजकन्या असतात. गाथांमध्ये तुम्हाला भेटतो ‘हलिअ’, म्हणजे नांगरणारा शेतकरी. ‘गामणी’ भेटतो, म्हणजे गावचा मुखिया. सासू, सुण्हा म्हणजे सून, दिअर, पुत्त, शेजारीण, ही सारी मंडळी आहेत. पीक आहे, पाऊस आहे, चिखल आहे, मोहाची फुलं आहेत. मोहाला प्राकृतात ‘महुअ’ म्हणतात, संस्कृतात मधूक. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन गेलेली मुलं आमच्या वर्गात आहेत. महुअ हा शब्द त्यांना मी काय शिकवणार? त्याचा वाससुद्धा त्यांना माहीत आहे.

एकदा वर्गातल्या एका मुलीने निबंधात नदीला ‘नई’ लिहिलं. वर्ग हसला. आमच्याकडे ठाकर, कातकरी, वारली मुलं आहेत, शेतकऱ्यांची आहेत, नोकरदारांचीही आहेत. कोण कुणाच्या बोलीला हसेल सांगता येत नाही. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले, नदी, णई, नई, आणि विचारलं, यातला कुणाचा शब्द हालराजाला लगेच कळला असता? परीक्षेत ‘नदी’ लिही, असं मी तिला सांगितलंच. ते शिकवणं माझं कामच आहे. पण तिच्या ‘नई’खाली लाल रेघ मारली नाही. दुसऱ्या दिवशी ती आजीकडून तीन शब्द घेऊन आली. दोन काही कामाचे निघाले नाहीत. तिसरा होता ‘कूड’.

कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून, शेणामातीने लिंपून केलेली भिंत. आता सिमेंटची घरं झाली, तरी आमच्या पाड्यांवर अजून कुडाची घरं दिसतात. प्राकृतात भिंतीला ‘कुड्ड’ म्हणतात. हा शब्द ज्या गाथेत आहे तिची गोष्ट मी तेव्हाच सांगून टाकली. नवरा परगावी निघून गेला आहे. त्याला जाऊन किती दिवस झाले ते मोजायला बायको भिंतीवर रेघा मारते. पण तो नाही ही गोष्ट तिच्या मनातून क्षणभरही जात नाही. ‘आज गेला’ म्हणून एक रेघ, पुन्हा ‘आज गेला’ म्हणून दुसरी. पहिल्या दिवसाची दुपार व्हायच्या आतच कूड रेघांनी भरून गेला! आजला प्राकृतात ‘अज्ज’ म्हणतात. वर्गात कुणी हसलं नाही. पुष्कळांचे वडील कामाला बाहेरगावी असतात.

दुसरी एक गाथा पावसाळ्यातली. घर गळतं आहे. वाटसरूची बायको, म्हणजे ‘पहिअ’ची ‘घरिणी’, बाळावर ओणवी झाली आहे. छपरातून पडणारं पाणी ती आपल्या डोक्यावर झेलते, बाळावर थेंब पडू देत नाही. पण तिच्या स्वतःच्या डोळ्यांतल्या पाण्याने बाळ भिजतंय, हे तिच्या लक्षातच येत नाही. यात शब्द कोणते लागतात? घर, पाणिअ म्हणजे पाणी, पुत्त म्हणजे पूत, अंसु म्हणजे आसू, ओल्ल म्हणजे ओला. भारी शब्द एकही नाही.

आणि ही तिसरी, जरा हसवणारी. उन्हाळ्याच्या वाटेवर पाणपोई आहे. पाणपोईतली ‘पोई’ म्हणजे संस्कृत प्रपा, प्राकृत ‘पवा’. तिथे पाणी पाजणारी मुलगी ती ‘पावालिआ’. मूळचं नाव केवढं लांब, प्रपापालिका, पण झिजून झिजून पावालिआ झालं. एक वाटसरू ओंजळीने पाणी पितो. पण नजर तिच्याकडे! लवकर पिऊन झालं तर निघावं लागेल, म्हणून तो हळूच बोटांत फटी ठेवतो. पाणी गळून जातं, तहान भागत नाही. तिला हे दिसत नाही असं थोडंच आहे? तीही पाण्याची धार बारीक बारीक करत जाते. झालं, एवढीच कविता. दोघं एक शब्द बोलत नाहीत. मुंबईला पाणी पाठवणारी भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण करणारी गावंही आपल्याच तालुक्यात. ओंजळभर पाणी गळू देणं म्हणजे काय, ते आमची मुलं चटकन समजतात. “बाई, पाणी फुकट घालवलं की त्याने!” असं एक जण म्हणालाच.

एक सावधगिरी मात्र हवी. ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द खरंच ओळखीचा असतो असं नाही. ‘पाउस’ दिसला की आपण म्हणणार, पाऊस! पण प्राकृतात पाउस म्हणजे पावसाळा. मूळ शब्द प्रावृष, तो ऋतूचं नाव आहे. पाण्याच्या धारांना आपण मराठीत पाऊस म्हणू लागलो. तसंच ‘अत्ता’. तुम्ही म्हणाल, आत्ता? नाही. अत्ता म्हणजे सासू. हेमचंद्रांच्या कोशात याच शब्दाचे आई, आत्या, सासू आणि मैत्रीण असे चार अर्थ आहेत. आता आपल्याकडच्या जुन्या सुना सासूला काय म्हणतात आठवा. आत्याबाई!

उलट कधी कधी प्राकृतामुळे मराठीचंच कोडं सुटतं. पुसणे या शब्दाचे दोन अर्थ कसे? नाव पुसलं म्हणजे विचारलं, आणि फळा पुसला म्हणजे साफ केला. प्राकृतात हे दोन निराळे शब्द आहेत. विचारणे म्हणजे ‘पुच्छ’ आणि साफ करणे म्हणजे ‘पुस’. मराठीत येता येता दोघांचे चेहरे एकसारखे झाले. गाथांमध्ये दोन्ही हवेत. ख्यालीखुशाली पुसायची असते आणि डोळेही पुसायचे असतात. रुसणे हेही तिथलंच, ‘रूस’. बोलणे आहे, ‘बोल्ल’. वाट पाहण्यातली वाट आहे, ‘वट्ट’.

पालकांसाठी थोडं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी प्राकृतालाही दिला. मराठीचं वय सांगताना गाथासप्तशतीचा दाखला पुढे केला गेला होता. फलक लागले, पेढे वाटले, छान झालं. पण ज्या पुस्तकाच्या जोरावर हा मान मागितला, ते किती घरांत उघडलं गेलं? आपल्या आधी ते जर्मनीत उघडलं गेलं होतं. आल्ब्रेख्त वेबर नावाच्या पंडितांनी १८७० साली त्याचा काही भाग छापला आणि १८८१ साली संपूर्ण ग्रंथ. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८९ साली काव्यमालेत ते काढलं. मराठी वाचकांसाठी स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मोठी प्रस्तावना आणि अर्थ देऊन ते पुन्हा उभं केलं. तालुक्याच्या वाचनालयात ही प्रत आहे का, एकदा विचारून पाहा. नसेल तर मागणी नोंदवा. लहान मुलांच्या हातात मात्र ते सगळं एकदम देऊ नका. आपण आधी वाचा, निवडा, मग द्या.

आणि मुलांनो, पाठांतराची भीती बाळगू नका. आठवड्याला दहा शब्द पुरे. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर वर्षाला चारशे होतात. वही तीन रकान्यांची करा. मधल्या रकान्यात प्राकृत शब्द लिहा. डावीकडे संस्कृत, मिळालं तर. उजवीकडे मराठी, आणि त्यात पुस्तकातलीच मराठी हवी असं नाही. घरची चालेल, पाड्यावरची चालेल, आजीची तर आधी. ज्या शब्दाला उजवीकडे काहीच सापडत नाही, तोच खरा पाठ करायचा. ‘गिम्ह’ हा असा एक शब्द. त्याचा अर्थ उन्हाळा, ग्रीष्म. आजच्या प्रमाण मराठीत त्याचं फारसं काही उरलं नाही.

हा अंक मिटण्याआधी चार युक्त्या वापरून हे शब्द सोडवा. वग्घ. विज्जु. बहिर. अग्गि. चक्क. माउसिआ. आणि शेवटचा जरा अवघड, पिंजऱ्यात बसून बोलणारा सुअ.

(उत्तरं : वाघ, वीज, बहिरा, आग, चाक, मावशी, पोपट.)